कागदावरचा पोशाख, अंगावरची शिवण
वेशभूषेच्या विद्यार्थ्याने वर्षभरात नेमके काय शिवायला शिकावे?

नव्या वर्षाच्या आरंभी संकल्पांची यादी करण्याची प्रथा सर्वत्र आहे. वेशभूषा शिकणारी मुले-मुलीही त्याला अपवाद नाहीत. वर्षभरात इतके कुडते, इतके घागरे, इतक्या साड्यांचे ब्लाऊज, शिवाय एखादा ऐतिहासिक पोशाख, अशी त्यांची यादी साधारणतः असते. या याद्यांमध्ये उत्साह असतो, पण एक मूलभूत प्रश्न बहुतेक वेळा सुटून जातो. कपड्यांची संख्या वाढली म्हणजे शिवणकाम आले, असे म्हणता येईल का? आणि शिवणकाम आले म्हणजे वेशभूषा आली, असे तरी मानता येईल का?

जालन्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी राहून हा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. पोलाद, बियाणे आणि मोसंबी यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात चित्रपटनिर्मितीचे केंद्र नाही. मुंबई-पुण्यातील मोठ्या नाट्यसंस्थांचे कपडेपटही येथून दूर आहेत. साहजिकच, या क्षेत्रात काही करायचे तर आधी गाव सोडले पाहिजे, अशी समजूत रूढ झाली आहे. पुढील शिक्षणासाठी कधीतरी बाहेर पडावे लागेल, हे खरेच. परंतु त्याआधीचे एक वर्ष हाती असेल तर ते जालन्यात राहूनही सत्कारणी लावता येते. किंबहुना काही गोष्टी येथे अधिक चांगल्या शिकता येतात. त्यासाठी उद्दिष्टे मात्र मोजकी आणि विचारपूर्वक ठरवलेली हवीत.

रेखाटनकार आणि शिंपी

वेशभूषाकाराचे काम चित्र काढून देण्याचे आणि शिवण्याचे काम शिंप्याचे, अशी विभागणी व्यवहारात असते. मोठ्या निर्मितीत ती आवश्यकही ठरते. परंतु ही विभागणी यशस्वी होण्यासाठी चित्र काढणाऱ्याला कापडाचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. बाही कोठून जोडली जाणार, घेर कोठून येणार, कापडाचा धागा कोणत्या दिशेने पडणार, हे ज्याला सांगता येत नाही त्याचे रेखाटन कितीही देखणे असले तरी शिंप्याच्या टेबलावर निरुपयोगी ठरते.

या संदर्भात भानू अथैय्या यांचे उदाहरण बोलके आहे. २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये यांचे शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात झाले. त्या मूळच्या चित्रकार होत्या. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या चित्रकारांबरोबर त्यांची चित्रे प्रदर्शित झाली होती. नियतकालिकासाठी फॅशनची रेखाटने करता करता त्या एका बुटिकसाठी प्रत्यक्ष कपडे घडवू लागल्या आणि तेथूनच चित्रपटसृष्टीचे दार उघडले. १९५६ च्या 'सी.आय.डी.'पासून सुरू झालेला हा प्रवास 'प्यासा', 'साहिब बीबी और गुलाम', 'गाइड', 'लगान' अशा शंभराहून अधिक चित्रपटांपर्यंत पोहोचला. रिचर्ड अॅटनबरो यांच्या 'गांधी' या चित्रपटासाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कारकिर्दीतून विद्यार्थ्याने घ्यावयाचा धडा पुरस्काराचा नाही, क्रमाचा आहे. आधी रेखाटन, मग कपडा घडवण्याचा अनुभव आणि त्यानंतर भूमिका, अशा पायऱ्यांनी त्यांची वाटचाल झाली. यांतील मधली पायरी गाळण्याचा मोह आज सर्वाधिक आहे. संगणकावर पोशाखाचे चित्र काही मिनिटांत तयार होऊ लागल्यापासून तर हा मोह आणखी वाढला आहे.

बाजारातला कपडा आणि भूमिकेतला कपडा

शिवणाचे वर्ग घराघरांत आणि गल्लोगल्ली चालतात. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधूनही शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकवला जातो. तेथे मिळणारे शिक्षण वेशभूषेच्या विद्यार्थ्याला पायाभूत ठरते, यात शंका नाही. मात्र नेहमीचा कपडा आणि रंगमंचावरचा कपडा यांच्या गरजा वेगळ्या असतात, हे प्रारंभीच लक्षात घेतले पाहिजे.

पहिला फरक हालचालीचा. घरातला ब्लाऊज घालून कोणी तलवार उगारत नाही वा दुसऱ्याला खांद्यावर उचलत नाही. नटाला हे सारे करावे लागते. म्हणून काख, पाठ आणि मांड्यांमधील जोड या तीन ठिकाणी नाटकाच्या कपड्याची खरी परीक्षा होते. दुसरा फरक अंतराचा. दहाव्या रांगेतील प्रेक्षकाला बारीक भरतकाम दिसत नाही. त्याला आकार, घेर आणि रंग दिसतो. तिसरा फरक प्रकाशाचा. लाल प्रकाशात हिरवे कापड काळपट दिसते आणि पिवळ्या प्रकाशात निळ्या रंगाचा नूर जातो. दुकानातील पांढऱ्या दिव्याखाली पसंत केलेला शालू प्रयोगात ओळखू येईनासा होतो, त्याचे कारण हेच.

चौथा फरक वेळेचा आहे. दोन प्रवेशांच्या मध्ये मिनिटभरात कपडे बदलायचे असतील तर समोर बटणांची रांग दिसली तरी तिच्यामागे टिचबटणे किंवा वेल्क्रो लपवावा लागतो. आणि पाचवा फरक आयुष्याचा. एका नटासाठी शिवलेला अंगरखा पुढच्या वर्षी दुसऱ्या नटाच्या अंगावर चढणार असतो. त्यामुळे शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड, म्हणजेच मार्जिन, नेहमीपेक्षा सढळ ठेवावे लागते. बाजारासाठी शिवणारा कारागीर कापड वाचवतो, तर नाटकासाठी शिवणारा कापड राखून ठेवतो.

हे पाच फरक डोळ्यांसमोर ठेवले की वर्षाची उद्दिष्टे आपोआप स्पष्ट होऊ लागतात. प्रत्येक कपडा निवडताना 'यातून कोणते नवे तंत्र शिकायला मिळेल?' हा एकच निकष लावावा. तंत्र तेच असेल तर दुसरा कपडा यादीतून खुशाल वगळावा.

पहिले तीन महिने : न शिवलेले वस्त्र आणि मांजरपाट

शिवणाच्या वर्षाचा आरंभ शिवणयंत्रापासून करू नये, असे म्हटले तर आश्चर्य वाटेल. परंतु आपल्याकडील वस्त्रपरंपरेचा फार मोठा भाग न शिवलेल्या वस्त्रांचा आहे. धोतर, उपरणे, नऊवारी लुगडे, फेटा, पागोटे यांना सुई लागत नाही, मात्र नेसवण्याचे कौशल्य लागते. जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. रामदासांवरील नाटकात लागणारी छाटीदेखील शिवलेली नसते. नट धावला, बसला, साष्टांग नमस्कार घातला तरी ती जागची हलू नये, अशी बांधणे ही स्वतंत्र विद्या आहे. स्वतःच्या अंगावर नेसणे आणि दुसऱ्याला नेसवणे यांतही मोठे अंतर आहे. म्हणून पहिले उद्दिष्ट असे, की वेगवेगळ्या बांध्याच्या किमान तीन व्यक्तींना धोतर आणि नऊवारी नेसवता आली पाहिजे. घरातील वा शेजारच्या आजीबाई या विषयातल्या उत्तम शिक्षिका ठरतात.

याच काळात हातशिलाईवर प्रभुत्व मिळवावे. धावदोरा, बखिया, हेम, तुरपाई, काज आणि हूक-आकडा लावणे, एवढ्या गोष्टी नीट आल्या तर रंगमंचाच्या विंगेतील बहुतेक संकटे निभावून नेता येतात. प्रयोग सुरू असताना फाटलेली शिवण यंत्राने दुरुस्त करता येत नाही. तेथे सुई, दोरा आणि अंगुस्तानाच कामी येतो.

यानंतर मांजरपाट. स्वस्त, कोऱ्या सुती कापडाचा हा प्रकार विद्यार्थ्याचा खरा सोबती होय. कोणताही पोशाख आधी मांजरपाटात कापून, कच्चे टाके घालून अंगावर चढवायचा, चुका खडूने त्यावरच नोंदवायच्या आणि मग तो उसवून त्याचाच नमुना म्हणून उपयोग करायचा, ही पद्धत जगभरातील कपडेपटांत रूढ आहे. महागडे कापड थेट कापण्याचा धीर येणे म्हणजे आत्मविश्वास नव्हे. मांजरपाटाच्या तिसऱ्या फेरीपर्यंत थांबण्याचा संयम येणे, हे प्रगतीचे अधिक खरे लक्षण आहे. अर्थात कोरे सुती कापड पाण्यात पडल्यावर आटते. तेव्हा अंतिम पोशाख सुती असेल तर कापण्यापूर्वी कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. या साध्या नियमाकडे दुर्लक्ष केल्याने पहिल्याच धुण्यानंतर पोशाख आखूड झाल्याची तक्रार नेहमी ऐकू येते.

बाराबंदी आणि अंगरखा : सरळ रेषांचे गणित

दुसऱ्या तिमाहीत जे शिवायचे त्यात बाराबंदीला अग्रक्रम द्यावा. शिवकालीन नाटकापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सर्वत्र लागणारा हा पोशाख. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत आजही भाविक पांढरी बाराबंदी परिधान करतात. नावाप्रमाणे बारा बंदांनी बांधला जाणारा हा छोटा अंगरखाच. तो दिसायला सोपा असला तरी त्याच्या कापणीत भारतीय शिवणकामाचे सूत्र दडलेले आहे.

पाश्चात्त्य कोटाच्या मुंढ्याला वक्राकार कापून त्यात गोलाई दिलेली बाही बसवतात. आपल्या पारंपरिक कपड्यांत बाही हा बहुधा सरळ कापलेला तुकडा असतो आणि तो धडाला काटकोनात जोडला जातो. यात कापड वाया जात नाही. मात्र हात वर केला की सारा कपडा वर खेचला जातो. ही अडचण दूर करण्यासाठी काखेत एक लहानसा चौकोनी तुकडा तिरपा बसवतात. त्याची एक बाजू बाहीला, दुसरी धडाला जोडली गेल्यामुळे काखेखाली लांबी वाढते. शिवाय ताण कापडाच्या उरेब दिशेवर येतो आणि उरेब कापड तुलनेने अधिक ताणले जाते. परिणामी नटाला हात मोकळेपणाने उचलता येतो आणि कपडा जागच्या जागी राहतो. चार अंगुळांच्या या तुकड्याचे चार कोपरे न चुरगळता, न फाटू देता शिवता येणे हे बाराबंदीतून साध्य करावयाचे उद्दिष्ट आहे.

त्यापुढची पायरी पायघोळ अंगरख्याची. येथे प्रश्न घेराचा असतो. कमरेपाशी अंगासरशी आणि खाली भरपूर घेर, हा परिणाम साधण्यासाठी निमुळत्या कळ्या जोडल्या जातात. प्रत्येक कळीची एक बाजू सरळ धाग्यावर व दुसरी तिरप्या धाग्यावर असते. दोन तिरप्या बाजू एकमेकींना जोडल्या तर तेथील शिवण काही दिवसांनी लोंबते. सरळ बाजूला तिरपी बाजू जोडली तर सरळ धागा तिला सावरून धरतो. पहाटे दारी येणाऱ्या वासुदेवाच्या झग्यापासून पेशवाईतील सरदाराच्या पोशाखापर्यंत हेच तत्त्व लागू पडते. लोकमान्य टिळकांची प्रतिमा डोळ्यांसमोर आणली तरी पगडी आणि उपरण्याबरोबर अंगरखा असतोच. म्हणजे एक कापणी नीट आत्मसात केली, तर काही शतकांची पात्रे उभी करता येतात.

चोळी आणि नऊवारी

स्त्रीपात्रांच्या वेशभूषेत आज सर्वाधिक खटकणारी गोष्ट कोणती, असे विचारले तर चोळीकडे बोट दाखवावे लागेल. पेशवाईतील नायिका नऊवारी नेसते, नथ घालते आणि पाठमोरी झाली की आधुनिक ब्लाऊजचा खोल गळा व हुकांची पट्टी दिसते. जुन्या चोळीला अंगाचा आकार देण्याचे काम टक्स करीत नसत. लहान-लहान तुकड्यांच्या जोडणीतून आणि तिरप्या धाग्याच्या उपयोगातून तो आकार साधला जाई. पुढे गाठ मारून ती बंद होई. इरकली लुगड्यासोबत शोभणारा खण कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथे विणला जातो. हातमागावरील खणाचा पन्हा अरुंद असतो. तेवढ्यातच चोळी बसवायची असल्याने कापड मांडण्याची शिस्त आपसूक अंगी बाणते. खणाची एक चोळी नेमकी अंगावर बसवणे हे डझनभर ब्लाऊज शिवण्याइतके मोलाचे आहे.

नऊवारीच्या बाबतीत मात्र रंगमंचाने शिवलेल्या लुगड्याचा पर्याय स्वीकारला आहे आणि त्यात गैर काहीच नाही. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरहून थोडे कमी कापड. ते प्रवेशांच्या मध्ये नेसणे प्रत्येक नटीला शक्य नसते. शिवलेल्या नऊवारीत विजारीसारखा आतला आधार करून त्यावर निऱ्या आणि काष्टा कायमचे बसवतात. या कामातली खरी कसोटी काष्ट्याची. तो ताठ, फुगीर वा चपटा दिसला की कृत्रिमपणा उघडा पडतो. म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांत खरी नऊवारी नेसवायला शिकलेल्या विद्यार्थ्यालाच शिवलेली नऊवारी चांगली साधते.

बालगंधर्वांनी आपल्या भूमिकांसाठी उंची शालू आणि पैठण्या वापरल्या आणि त्यांच्या नेसण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनीही केले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचा तो थाट आजच्या हौशी संस्थांना परवडणारा नाही. तथापि त्यामागचे सूत्र अजूनही उपयोगी आहे. प्रेक्षकाला कापडाची किंमत कळत नसली, तरी कापड कसे पडते, ते लगेच कळते. कडक पॉलिस्टरचा पदर हवेत तरंगतो, तर वजनदार रेशमी पदर खांद्यावरून ओघळतो. स्वस्त कापड वापरायचे असेल तर त्याला अस्तर आणि काठांना वजन देऊन हा ओघळ निर्माण करणे, ही वेशभूषाकाराची कामगिरी होय.

शेरवानी : मराठवाड्याची स्वतःची गरज

पुण्या-मुंबईतील विद्यार्थ्याच्या यादीत कदाचित नसेल, पण जालन्यातील विद्यार्थ्याच्या यादीत असायलाच हवा, असा एक पोशाख म्हणजे शेरवानी. जालना हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. त्या लढ्यावरील नाटिका, नाटके, चित्ररथ यांत संस्थानी अधिकारी, वकील, जहागीरदार अशी पात्रे येतात. त्यांच्या अंगावर लग्नसराईतील भरजरी, चमचमती शेरवानी चढवली जाते आणि प्रसंगाचे गांभीर्य तेथेच संपते. हैदराबादी शेरवानी हा प्रामुख्याने साध्या, एकरंगी कापडाचा, उभ्या कॉलरचा, समोर बटणे असलेला शिस्तशीर पोशाख होता. त्याचा डौल कापणीत होता.

तंत्राच्या दृष्टीनेही हे वर्षातील सर्वांत अवघड उद्दिष्ट आहे. आतापर्यंतच्या कपड्यांत सरळ तुकड्यांचे गणित होते. शेरवानीत वक्राकार मुंढा, गोलाईची बाही, कॉलरमधील बकरम, छातीला आधार देणारा कॅनव्हास आणि संपूर्ण अस्तर, या सर्व गोष्टी एकत्र येतात. बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा किंचित मोठी ठेवून ती चुण्या न पडता मुंढ्यात जिरवायची असते. हे काम पुस्तक वाचून जमत नाही. त्यासाठी जुन्या, अनुभवी शिंप्याच्या दुकानात बसून पाहावे लागते. तयार कपड्यांच्या लाटेत असे कारागीर झपाट्याने कमी होत आहेत. त्यांच्याकडील ज्ञान बहुधा कोठेही लिहिलेले नाही. जुलै ते सप्टेंबर हा काळ अशा एखाद्या कारागिराच्या हाताखाली घालवून एकच शेरवानी पूर्ण केली, तरी त्या तिमाहीचे सार्थक झाले असे समजावे.

जुना दिसणारा नवा कपडा

शिवून झालेला पोशाख लगेच वापरण्यायोग्य होतो, असेही नाही. दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याचा सदरा दुकानातून आणल्यासारखा कोरा दिसला तर नटाचा अभिनय निष्प्रभ होतो. 'लगान'मधील १८९३ च्या काळातील गावकरी आठवावेत. त्यांचे कपडे त्यांच्या अंगावर वर्षानुवर्षे वावरल्यासारखे वाटतात. हा परिणाम मुद्दाम घडवावा लागतो. चहाच्या पाण्यात कापड बुडवून त्याचा पांढरेपणा घालवणे, कोपर, गुडघे, खिसे आणि गळपट्टी येथे पॉलिश पेपरने घासणे, ठिगळ लावणे, वारंवार धुणे असे त्याचे साधे उपाय आहेत. ठिगळ कोठे लावायचे हे मात्र सौंदर्यदृष्टीने न ठरवता त्या पात्राच्या श्रमावरून ठरवावे. ओझे वाहणाऱ्याचा सदरा खांद्यावर विरतो, तर बैठे काम करणाऱ्याचे धोतर मागच्या बाजूने. विद्यार्थ्याने शेतात, बाजार समितीत, बांधकामावर जाऊन कपड्यांची ही झीज टिपून ठेवली तर त्याच्या वहीइतके उपयुक्त पाठ्यपुस्तक दुसरे मिळणार नाही.

जिल्ह्यातच असलेली पाठशाळा

जालना जिल्ह्याला वस्त्राच्या दृष्टीने पाहिले तर येथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कापूस हे येथील प्रमुख पिकांपैकी एक. तुतीची लागवड व रेशीम कोष उत्पादनही येथे रुजले असून २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. तत्पूर्वी शेतकऱ्यांना कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरमपर्यंत जावे लागे. चांगल्या प्रतीच्या एका कोषातून सुमारे हजार मीटर लांबीचा अखंड तंतू निघू शकतो. रेशमाची चमक आणि बळकटी या अखंडपणातून येते, हे एकदा कोष हाती घेऊन पाहिले की विसरता येत नाही. खरे रेशीम ओळखण्याची जुनी कसोटीही येथेच शिकावी. धाग्याचा तुकडा जाळला असता रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि त्याची राख बोटांनी चुरडली जाते. सुती धाग्याला कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. दिवे, मशाली, आरती यांनी भरलेल्या रंगमंचावर वितळणारे कापड अंगाला चिकटू शकते. त्यामुळे ही कसोटी नटाच्या सुरक्षिततेशीही निगडित आहे.

अलंकार आणि केशरचनेच्या अभ्यासासाठी भोकरदन आहे. प्राचीन भोगवर्धन ते हेच. १९७३ मध्ये येथे झालेल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे अवशेष मिळाले आणि त्यांचे साम्य इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी असल्याचे अभ्यासकांच्या ध्यानात आले. पॉम्पेई नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्यापूर्वीच्या काळातील मेखला, कंकणे व केशरचना यांचा पुरावा या शैलीतून मिळतो. शेजारच्या जिल्ह्यातील अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार भानू अथैय्या यांनी १९६६ च्या 'आम्रपाली'साठी घेतला होता. मुंबईहून त्यांनी जेथवर प्रवास केला, ती लेणी जालन्याच्या विद्यार्थ्याला एका दिवसात जाऊन-येऊन पाहता येतात. पैठणीच्या विणकामाचे पैठण आणि नाट्यशास्त्राचा विभाग असलेले छत्रपती संभाजीनगरचे विद्यापीठही आवाक्यात आहे. महाविद्यालयीन युवक महोत्सवांतील एकांकिका तर हक्काची प्रयोगशाळाच.

अखेरचे तीन महिने : एक संपूर्ण प्रयोग

वर्षाचा शेवट सुट्या कपड्यांवर न होता एका संपूर्ण नाटकावर व्हावा. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने हौशी संस्थांची धावपळ सुरू असते. त्यांतील बहुतेक जण पोशाख भाड्याने आणतात. अशा एखाद्या संस्थेच्या एकांकिकेची वा नाटकाची वेशभूषा विद्यार्थ्याने पत्करावी. संहिता वाचून कोणते पात्र कोणत्या प्रवेशात काय घालते, बदलायला किती वेळ मिळतो, कोणता कपडा शिवायचा, कोणता भाड्याने घ्यायचा आणि कोणता घरातून मागायचा, याचा तक्ता तयार करावा. नटांना रंगीत तालमीपर्यंत थांबवू नये. मांजरपाटाचा कच्चा पोशाख घालून त्यांना तालमीत वावरू द्यावे. कोठे अडते, कोठे उसवते, ते तेव्हाच समजते.

समूहासाठी वेशभूषा करताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मधील ब्राह्मणांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती विसरता येत नाही. सारखाच वेश असलेली ती माणसे क्षणात भिंत होतात, क्षणात जमाव. तेथे प्रत्येकाचा पोशाख स्वतंत्रपणे लक्ष वेधू लागला असता तर ती भिंत उभी राहिली नसती. आपण शिवलेला कपडा नजरेत भरावा, ही विद्यार्थ्याची स्वाभाविक इच्छा असते. तो नाटकात विरघळून जावा, अशी इच्छा निर्माण होणे हे वर्षभराच्या शिक्षणाचे फलित म्हणता येईल.

हिशेब कसा मांडावा?

अशा रीतीने आखलेल्या वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्याकडे फार कपडे नसतील. एक बाराबंदी, एक अंगरखा, एक खणाची चोळी, एक शिवलेली नऊवारी, एक शेरवानी आणि एका नाटकाचे पोशाख, एवढीच पुंजी. मात्र त्यातील प्रत्येक कपड्यामागे मांजरपाटाचे दोन-तीन नमुने, मापांची वही आणि चुकांची नोंद असेल. पुढे नाट्यविद्यालयात वा वस्त्ररचनेच्या संस्थेत प्रवेश घ्यायचा झाल्यास पन्नास चकचकीत छायाचित्रांपेक्षा ही वही अधिक बोलते.

पालकांनीही हे समजून घेणे आवश्यक आहे. मुलगा वा मुलगी दिवसभर तोच कपडा शिवते आणि उसवते, हे पाहून वेळ आणि पैसा वाया चालल्याची भावना होणे साहजिक आहे. परंतु उसवणे हा या विद्येचा अविभाज्य भाग आहे. हौशी रंगभूमीला आज नट मिळतात, लेखक मिळतात. पात्राच्या अंगावर बसेल असा कपडा शिवू शकणारे हात मात्र मोजकेच उरले आहेत. जालन्यातील एखाद्या विद्यार्थ्याने वर्षभर कात्री आणि खडू हाती धरून ते कसब मिळवले, तर गावोगावच्या नाटकमंडळींना भाड्याच्या पेटीतील मापात न बसणाऱ्या अंगरख्यांवर भागवावे लागणार नाही. वर्षाच्या उद्दिष्टांची यादी करताना कपड्यांचा आकडा लिहिण्याऐवजी हे लिहावे, की शेवटच्या प्रयोगात एकही शिवण उसवली नाही आणि एकाही नटाला आपल्या कपड्याची आठवण झाली नाही.